आधी यादी, मग स्कॅन : जुन्या नाशकातली भटकंती

शुक्रवार

आमच्या गावच्या वाचनालयाला यंदा एका देणगीदाराने बऱ्यापैकी रक्कम दिली आणि अट एकच घातली : जुनी पुस्तकं डिजिटल करा. त्यावरून कार्यकारिणीत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, उद्याच स्कॅनर आणा आणि कामाला लागा. दुसऱ्या बाजूला मी आणि आमचे निवृत्त मुख्याध्यापक सर. वाचनालयाच्या कपाटात पंधराएक वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने करून दिलेल्या सीड्या पडून आहेत. निम्म्या आता उघडत नाहीत. ज्या उघडतात त्यांतल्या फायलींची नावं 'स्कॅन००१', 'स्कॅन००२' अशी. कुठलं पुस्तक, कितवी आवृत्ती, आतली किती पानं मुळातच गहाळ होती, कशाचाच पत्ता लागत नाही. नवे पैसे त्याच वाटेने जाऊ नयेत, हा आमचा आग्रह. सर म्हणाले, "आधी डोळ्यांनी बघून येऊ. नाशिकला चल. तिथे वाचनालयही जुनं आणि भोवतालचं गावही जुनं."

नाशकात माझी आत्या असते. इंदिरानगरला तिचा फ्लॅट आहे, पण तिचं सासर जुन्या गावातल्या तिवंधा चौकाजवळच्या एका वाड्यातलं. वाडा अजून उभा आहे. राहतं मात्र आता तिथे एकच भाडेकरू कुटुंब, मागच्या बाजूच्या दोन खणांत, म्हणजे खांबांमधल्या दोन गाळ्यांत.

संध्याकाळी गोदाघाटावर गेलो. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढलं, यावरून नाशिककर पूर मोजतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या दोन्ही पुरांत सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरलं होतं. १९६९ च्या महापुराच्या आठवणी तर आत्या अजून सांगते. सर मारुतीकडे बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "आपलं जुन्या पुस्तकांचं कपाट तळमजल्यावर, ओढ्याच्या बाजूच्या खोलीत आहे. आणि हार्ड डिस्क ठेवणार त्याच कपाटात."

घाटावर बसून पहिला निर्णय झाला. स्कॅनच्या प्रती तीन, त्यांतली एक दुसऱ्या गावात. पुस्तक आणि त्याची फाइल एकाच छपराखाली असतील तर पुराला दोन्ही एकाच रात्रीत सापडतात.

शनिवार

टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय. नाशिककर त्याला 'सावाना' म्हणतात. स्थापना १८४० ची. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' १८३२ चं, म्हणजे छापलेलं मराठी वर्तमानपत्र ही वस्तू जेमतेम आठ वर्षांची असताना या गावातल्या लोकांनी एकत्र येऊन वाचनालय काढलं. मुंबई विद्यापीठ निघायला अजून सतरा वर्षं होती. स्वतंत्र नाशिक जिल्हासुद्धा १८६९ चा. जिल्ह्याच्या आधी एकोणतीस वर्षं वाचनालय, हे आपल्याकडे किती गावांना सांगता येईल?

वाचनालयाच्याच आवारात परशुराम साईखेडकर नाट्यमंदिर आहे. पुस्तकं, नाटक, जुन्या वस्तूंचा संग्रह, व्याख्यानं, सगळं एका ठिकाणी. सकाळी गेलो तेव्हा वर्तमानपत्रांच्या टेबलाशी ज्येष्ठ मंडळी आणि शेजारी स्पर्धा परीक्षेची मुलं, दोघांनाही एकमेकांचा अडथळा नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुस्तकाचं पान घरबसल्या मोबाइलवर दिसेल, पण अठरा वर्षांचं पोर आणि ऐंशी वर्षांचे आजोबा एका पंख्याखाली बसलेले कुठल्या संकेतस्थळावर दिसणार?

देवघेवीच्या टेबलाशी एका अनुभवी कर्मचाऱ्यांशी सरांचं सूत जुळलं. बोलणं साहजिकच जुन्या कागदावर गेलं. एकोणिसाव्या शतकातलं चिंध्यांच्या लगद्याचं पुस्तक आजही उलगडून वाचता येतं, आणि त्यानंतर पन्नास वर्षांनी लाकडाच्या लगद्यावर छापलेलं पुस्तक पान उलटताना कोपऱ्यातून तुटतं, हा अनुभव दोघांचाही. लाकडाच्या लगद्यात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो. शिवाय शाई फुटू नये म्हणून त्या काळी राळ आणि तुरटी वापरत, त्यातून कागदात आम्ल तयार होतं. कसर आणि वाळवी बाहेरून येतात, हा शत्रू मात्र कागदाच्या आतच असतो. म्हणून सर्वांत जुनं ते सर्वांत आधी स्कॅन, हा आमच्या कार्यकारिणीचा हिशेब चुकतो. १९१० ते १९५० मधली साधी, स्वस्त, गावोगावी छापलेली पुस्तकं आधी घ्यायला हवीत. छोट्या छापखान्यातली स्मरणिका, गावातल्या वैद्यांची पुस्तिका, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक. मोठ्या लेखकांच्या प्रती दहा ठिकाणी सापडतात. या कदाचित फक्त आपल्याकडेच असतील.

कदाचित. इथेच घोडं अडतं. आपल्याकडे काय आहे आणि शेजारच्या तालुक्यात काय आहे, हे सांगणारी यादीच नाही. आमची दाखल नोंदवही हाताने लिहिलेली आहे. तिची काही पानं मी मोबाइलवर घेऊन आले होते, ती सरांनी त्या कर्मचाऱ्यांना दाखवली. दाखलांक (म्हणजे पुस्तकाचा नोंद क्रमांक), तारीख, ग्रंथकार, ग्रंथनाम, प्रकाशक, साल, पृष्ठं, किंमत, आणि शेवटी अरुंद रकाना : शेरा. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला तो थेट शेऱ्यावर. 'वडिलांचे स्मरणार्थ, ब्राह्मण आळी.' 'साळी वाड्यातून सात पुस्तकें, पैकी एक खराब.' 'वखारवाले यांजकडून, कपाटासह.' ते म्हणाले, "हा रकाना टाइप करताना गाळू नका बरं का. सगळे नेमका हाच गाळतात."

मी ती पानं शंभरदा बघितली असतील. पुस्तकं कुठल्या घरातून आली याचा तो गावाचा नकाशा आहे, हे त्या दिवशी दिसलं.

दुपारनंतर सरकारवाडा पाहिला. वाचनालय पूर्वी याच वाड्यात होतं. पेशवेकालीन वास्तू, सराफ बाजाराच्या गजबजाटात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. आता ते राज्य संरक्षित स्मारक आहे आणि पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे. दगडी पायऱ्या चढून आत गेलं की लाकडी खांबांची ओळ. एखाद्या वास्तूला सरकारी संरक्षण मिळालं तर ती कशी टिकू शकते, ते इथे कळतं. पण जुन्या नाशकातले बाकीचे वाडे खासगी आहेत. पावसाळा आला की त्यांच्या दारावर येते ती महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस.

रविवार, रंगपंचमी

रंग सुरू व्हायच्या आत वाडा बघून घ्यायचा, म्हणून सकाळी सातलाच निघालो. आत्या, आत्येभाऊ, सर आणि मी. आत्याने दिंडी दरवाजाला हात लावून नमस्कार केला, मग कुलूप काढलं.

बाहेरून बघताना वाटतं त्यापेक्षा वाडा शहाणपणाने बांधलेला असतो. जोत्यापर्यंत दगड, वर विटा, आणि सगळा भार सागवानी खांबांवर नि तुळयांवर. भिंती नुसत्या मधल्या जागा भरतात. म्हणून भिंत पडली तरी सांगाडा उभा राहतो. चौकातून ओटीवर आलो. डाव्या हाताची भिंत जुन्या चुन्याची. हात फिरवला तर कोरडी, किंचित खडबडीत, आणि तळव्याला पांढरी भुकटी. उजव्या हाताची भिंत वीस वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने सिमेंटने गुळगुळीत करून दिलेली. तिथे कमरेइतक्या उंचीवर गिलावा फुगलेला. आत्येभावाने नखाने टकटक केलं, पोकळ आवाज आला. एक पापुद्रा सहज सुटला, आणि आतली वीट मार्च महिन्यातही ओली होती. जमिनीतली ओल विटांतून वर चढतेच. चुना ती बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून धरतं, मग ती विटा कुजवते आणि शेजारच्या खांबाच्या बुंध्यात शिरते. त्या खांबाचा पायथा आत्येभावाने दाखवला, वाळवीने पोखरलेला. वरचा सगळा खांब अजून लोखंडासारखा.

"पैसे खर्च केले तेव्हा वाटलं होतं, आता पन्नास वर्षं बघायला नको," आत्या म्हणाली.

वाड्याचे वारस किती, हे मोजायला आत्येभावाला दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. एक अमेरिकेत, दोन पुण्यात, एकाचा पत्ताच नाही. भाडं इतकं जुनं की त्यातून कौलं फेरायचा खर्चही निघत नाही. मालकाला परवडत नाही, भाडेकरूला दुसरीकडे जाता येत नाही. या दोघांपैकी कुणालाही खलनायक ठरवून लिहिणं सोपं आहे. ओटीवर उभं राहिल्यावर ते जमत नाही. वाडे पडण्यामागे पावसाइतकाच हा गुंता आहे. त्यावर उपाय काढायचा तर मालकी, भाडेकरू, बांधकामाची स्थिती हे सगळं वाड्यागणिक एका ठिकाणी लिहिलेलं हवं. पुन्हा यादीच.

माजघरातल्या फडताळात लाल बासनं होती. आत्याने हात धुऊन, पुसून एक सोडलं. दोन लाकडी फळ्यांमध्ये पोथीची सुटी पानं. हातकागद, काळीभोर शाई, मधूनच हरताळाने पिवळं करून खोडलेलं अक्षर. सरांनी पहिली पानं चाळली नाहीत, थेट शेवटचं पान काढलं. लेखकूने तिथे शके आणि तिथी लिहिली होती, कसरीने शकातला एक आकडा खाल्लेला. खाली तो नेहमीचा श्लोक :

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हातात देऊ नका, असं पुस्तक स्वतः म्हणतं. दिव्याच्या उजेडात वाचण्याच्या काळातलं तेल वगळलं, तर यातलं आजही काही कमी करता येत नाही.

आत्येभावाने मोबाइल काढला आणि वरून फोटो घ्यायला लागला. सरांनी थांबवलं. आधी फळीचा फोटो, मग बासनाचा, मग फडताळाचा, आणि शेवटी पानं, कोरी बाजूसुद्धा. शेजारी मोजपट्टी ठेवायची. एका वहीत लिहायचं, की ही पोथी या वाड्यात, माजघरातल्या फडताळात, वरून दुसऱ्या कप्प्यात होती. उद्या वाडा गेला तर ती कुठून आली हे सांगायला एवढंच उरेल.

दुपारी तिवंधा चौक. दुरून ढोलांचा आवाज, गल्लीत माणूस मावत नाही. रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटातला दगडी हौद. पेशवेकाळापासूनच्या या रहाडी वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेल्या असतात, त्यांच्यावरून गाड्या जातात, भाजीवाले बसतात. रंगपंचमीच्या आधी त्या उकरायच्या, आतून स्वच्छ करायच्या, रंग उकळून ओतायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, पूजेचा मान ठरलेल्या घराण्याकडे. पूजा झाली की धप्पा! पोरं उंचावरून अंग झोकून देतात आणि दहा हात लांब उभ्या असलेल्यांना न्हाऊ घालतात. मी भिजले, सरही भिजले, सत्तरीत.

शनी चौक, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणच्या रहाडींना दरवर्षी गर्दी असते. पूर्वी जुन्या नाशकात याहून कितीतरी रहाडी होत्या, असं म्हातारी माणसं सांगतात. ज्या गल्लीतली पूजा थांबली, तिथली रहाड मातीखालीच राहिली. जमिनीखाली गाडलेली, वर्षातून एकदाच दिसणारी वास्तू इतकी वर्षं नीट राहिली. तिच्यावर कुठली पाटी नव्हती. ती कुठे आहे आणि ती कुणी उघडायची, एवढं गल्लीला माहीत होतं. ही यादी लोकांच्या तोंडी आहे. ती लिहून घ्यायला हवी, जिथे आता उकरत नाहीत त्या जागांसकट.

सोमवार

अंगावरचा रंग निम्माच गेला होता. तसेच पांडवलेणीला, नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांना, गेलो. पायऱ्या चढताना सर दोनदा थांबले, पण दहाव्या लेण्यापर्यंत गेल्याशिवाय परतायचं नाही असं त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. हे शक राजा क्षत्रप नहपानाच्या काळातलं लेणं. त्याचा जावई उषवदात याने दिलेल्या दानांचे लेख व्हरांड्यात कोरलेले आहेत. एका लेखात दानाचा सगळा व्यवहार आहे : तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले, त्यांतले दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च. आणि शेवटी म्हटलंय, की हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवलं.

सर व्हरांड्याच्या कठड्याला टेकून हे समजावून सांगत होते. साधारण १९०० वर्षांपूर्वी नाशिक परिसरात नोंदणीची रीत होती. सभेत वाचायचं, फलकांवर लिहायचं, आणि वर दगडावर प्रत ठेवायची. ते फलक गेले. तिथे नोंद झाली होती, हे आज आपल्याला दगडावरची प्रत सांगते.

मला हार्ड डिस्कच्या तीन प्रतींपेक्षा दुसरी गोष्ट लागली : नोंद सर्वांसमोर वाचून दाखवली. आपल्याकडच्या कितीतरी संस्थांनी स्कॅन केलेला मजकूर कॉपीराइटच्या हक्कांच्या भीतीने कुलुपात ठेवला आहे. वास्तविक आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, तोही पुढच्या वर्षारंभापासून मोजून. १९६५ पर्यंत वारलेल्या लेखकांची, त्यांच्या हयातीत निघालेली पुस्तकं आज मोकळी आहेत. आपल्या कायद्याने ती नेटवर खुली ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

उतरताना सरांनी आणखी एक अडचण काढली, आणि ती खरी आहे. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. जुन्या पुस्तकात 'नाशकांत', 'घरांत', 'पुस्तकें' असतं. आजचा वाचक शोधताना 'नाशकात' टाइप करतो आणि संगणक म्हणतो, काही सापडलं नाही. संगणकाने स्कॅनमधली अक्षरं ओळखून काढलेला मजकूर माणसाने वाचून तपासायला हवा, आणि शोध देताना दोन्ही रूपं चालायला हवीत. मोडीचं तर आणखी कठीण. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतात, मोडीला २०१४ साली जागा मिळाली, पण ती वाचणारी माणसं गावागणिक एक-दोन उरली आहेत.

संध्याकाळी पंचवटीत आत्याच्या सासरच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. यजमानांच्या घराण्यांच्या नोंदींच्या आडव्या, लांबट वह्या, कापडात बांधलेल्या. गाव आणि आडनाव सांगितलं, गुरुजींनी वही निवडली, पान काढलं. त्यावर आत्याच्या आजेसासऱ्यांची सही, मोडीत, आणि खाली मुलांची नावं. आत्याने त्या ओळीवरून बोट फिरवलं नाही, हवेतच धरलं. मग स्वतःच्या नातीचं नाव सांगितलं आणि गुरुजींनी ते बॉलपेनने खाली लिहिलं. वही चालू आहे, म्हणूनच ती नीट बांधलेली आहे. आम्ही फोटोबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या पानाचा घ्या. दुसऱ्यांच्या घराण्याचं पान त्यांनी विचारल्याशिवाय मी देत नाही." योग्य बोलले.

मंगळवार

गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात सकाळ गेली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेतल्या पेट्यांबद्दल सरांना विचारायचं होतं. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाची पेटी तिच्या जागी येते. वाचक वाचनालयापर्यंत येईना, तर पुस्तकांनी वाचकाकडे जायचं. आमच्याकडे ही पद्धत आधी सुरू करता येईल, तिला स्कॅनर लागत नाही.

दुपारी आत्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोन याद्यांचे रकाने आखले. पुस्तकांच्या यादीत दाखल नोंदवहीतलं सगळं, शेऱ्यासकट, आणि प्रत्येक फाइलीच्या नावात दाखलांक. टाइप युनिकोडमध्येच. रंगीत स्कॅन, निदान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), जपायची मूळ फाइल टिफ प्रकारात, वाचायला पीडीएफ. पुस्तकाची पाठ कापायची नाही. पहिले सहा महिने फक्त यादी. सरांनी तिथूनच अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष नाराज झाले, मग सीड्यांची आठवण दिल्यावर तयार झाले.

दुसरी यादी आत्येभावाने मागून घेतली, त्याच्या गल्लीतल्या वाड्यांची. वाड्याचं नाव, लोक काय म्हणतात ते नाव, चौक किती, खण किती, चुना की सिमेंट, खांबांचे पायथे, पोथ्या-कागद आहेत का, रहाड-विहीर-आड आहे का, नोटीस कधी आली. पहिली नोंद स्वतःच्या वाड्याची केली. त्याची मुलगी शेजारच्या वाड्यात जाऊन तिथल्या आजींकडून तीन खोल्यांची जुनी नावं लिहून घेऊन आली.

भाडेकरूंच्या रकान्यावरून परतीच्या एसटीत आमचं वाजलं. सरांचं म्हणणं, कोण राहतं हे नसेल तर यादी अपुरी. माझं म्हणणं, जिवंत माणसाचं नाव आणि त्याचं भाडं नेटवर टाकलं तर उद्या त्याच यादीचा आधार घेऊन त्याला कुणीतरी बाहेर काढेल. इगतपुरीपर्यंत आम्ही यावरच होतो. शेवटी असं ठरलं, की राहत्या कुटुंबांची नावं कागदी वहीत, ती वही आत्येभावाकडे, आणि गुरुजींसारखा नियम : ज्याची नोंद, त्याने विचारलं तरच दाखवायची. नेटवर फक्त 'राहता' किंवा 'रिकामा'. सरांना ते पूर्ण पटलेलं नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत ते हा मुद्दा पुन्हा काढणार आहेत.